शब्दांची गोडी कशी लावायची? शिक्षक आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात पाचवी ते आठवीच्या मुलांना मी भाषा शिकवते, मराठी माध्यमात आणि इंग्रजी माध्यमातही. शिक्षकांच्या बैठकीत, पालकसभेत आणि व्हॉट्सॲपवर काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक मराठीची आहेत, पण पद्धती कुठल्याही भाषेच्या तासाला चालतात.

शब्दार्थ पाठ करून घेण्यात गैर काय? आम्हीही तसेच शिकलो.

पाठांतर वाईट नाही, अपुरं आहे. ‘आग्रह म्हणजे हट्टाने सांगणे’ असं मूल वहीत पाच वेळा लिहितं, चाचणीत गुणही मिळवतं. पण आपण नको नको म्हणत असताना मामी पानात आणखी एक जिलबी वाढते, तो आग्रह, हे त्याच्या मनात येत नाही. शब्द वहीत राहतो आणि जगणं वेगळं चालू राहतं.

मी शब्द ‘आला’ असं तेव्हाच धरते, जेव्हा मूल कुणी न सांगता तो आपल्या बोलण्यात वापरतं. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी येऊन सांगते, “बाई, ती आग्रह करत होती म्हणून मी डबा खाल्ला.” खालचं सगळं त्या एका वाक्यासाठी आहे. ॲप, खेळ, शब्दकोश, पेठेतली फेरी, सगळं.

आठवड्याला किती शब्द घ्यावेत?

पाचवी-सहावीला सहा, सातवी-आठवीला आठ. धड्यात वीस कठीण शब्द असले तरी बाकीच्यांचा अर्थ बोलता बोलता सांगून पुढे जावं. एकच शब्द मुलाला निरनिराळ्या वाक्यांत, निरनिराळ्या दिवशी पुन्हा भेटायला हवा. वीस शब्दांना तेवढा वेळ देणारं वेळापत्रक कुठल्याच शाळेत नसतं.

मग ते सहा शब्द निवडायचे कसे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी विचारला जातो. अमेरिकेतल्या इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. मराठीत ते असे दिसतात.

पहिल्या थरात घर, पाणी, धावणे, गोड असे शब्द येतात. मराठी घरातल्या मुलाला ते शिकवावे लागत नाहीत. तिसऱ्या थरात प्रकाशसंश्लेषण, अक्षांश, लसावि असे त्या त्या विषयाचे शब्द असतात. ते विज्ञानाच्या, भूगोलाच्या, गणिताच्या तासालाच नीट समजतात. आपलं काम आहे मधल्या थरावर. संकोच, आग्रह, नाइलाज, दुर्लक्ष, अपेक्षा, परिणाम, तडजोड, सातत्य, अफवा, खंत. हे शब्द गोष्टीत येतात, बातमीत येतात, इतिहासाच्या उत्तरात येतात आणि भांडण मिटवतानाही उपयोगी पडतात. असा एक शब्द आला की मुलाला दहा ठिकाणी उपयोग होतो.

निवडताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: या शुक्रवारपर्यंत मुलाला हा शब्द खऱ्या बोलण्यात वापरायची संधी मिळेल का? ‘कंकण’ सुंदर शब्द आहे, पण आठवड्याच्या सहांत मी ‘नाइलाज’ घेईन.

नव्या शब्दाची ओळख करून देताना आधी अर्थ सांगायचा का?

नाही. आधी प्रसंग, मग शब्द, अर्थ सगळ्यात शेवटी, आणि तोही मुलांच्या तोंडून.

‘संकोच’ घ्या. मी तीन प्रसंग सांगते. नवीन शाळेत पहिल्या दिवशी पाणी कुठे आहे हे विचारायला एका मुलीची जीभ रेटत नाही. मित्राकडे भूक लागली आहे, पण पोहे पुन्हा मागवत नाहीत. बक्षीस घ्यायला मंचावर जाताना पाय जड होतात. “या तिघांना जे वाटतंय त्याला संकोच म्हणतात.” मग विचारायचं, तुम्हाला कुणापुढे संकोच वाटतो? कुणापुढे मुळीच वाटत नाही? भीती आणि संकोच यांत फरक काय? या तिसऱ्या प्रश्नावर वर्ग खरा तापतो. कुत्रा अंगावर आला तर भीती, पण काका-काकूंपुढे गाणं म्हणायला सांगितलं तर संकोच, असं मुलंच उलगडत नेतात.

नंतर वहीच्या पानाचे चार भाग करतो आणि मधोमध शब्द लिहितो: एका भागात स्वतःच्या भाषेत अर्थ, दुसऱ्यात त्याची लक्षणं, तिसऱ्यात उदाहरणं, चौथ्यात ‘हे उदाहरण नाही’. विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही चौकट आहे. चौथा भाग गाळू नका. शब्द कुठे लागू पडत नाही हे कळल्याशिवाय तो नेमका कळत नाही.

ऑनलाइन साधनं खूप आहेत. नेमकं काय वापरू?

ऑनलाइन साधन पहिल्या ओळखीसाठी नको. ती ओळख माणसाने करून द्यावी. साधनं उपयोगी पडतात ती पुढच्या भेटींसाठी, म्हणजे उजळणीला.

संपूर्ण वर्गाला एकत्र खेळवायचं असेल तर कहूट. पडद्यावर प्रश्न येतो, मुलं पिन टाकून सामील होतात. गृहपाठासाठी क्विझिझ बरं; ते मूळचं बेंगळुरूतलं आणि २०२५ पासून वेग्राउंड या नावाने चालतं. प्रत्येक मुलाला आपल्या गतीने जाता येतं हा त्याचा मोठा गुण. जोड्या लावा, चाक फिरवा, पेट्या उघडा अशा खेळांसाठी वर्डवॉल. शब्दांची यादी एकदाच भरली की खेळाचा प्रकार बदलता येतो, त्यामुळे शिक्षकाचा वेळ वाचतो. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला उत्तर अशा कार्डांच्या उजळणीसाठी क्विझलेट, आणि मोठ्या मुलांसाठी अँकी. अँकी दिसायला रुक्ष आहे, पण कुठलं कार्ड कधी पुन्हा दाखवायचं याचा हिशेब ते स्वतः ठेवतं.

एका सत्रात एक किंवा दोनच साधनं धरा. दर आठवड्याला नवीन ॲप आणलं तर मुलं ॲप शिकतात आणि शब्द बाजूला राहतात.

प्रश्न कसे काढता यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ‘तडजोड म्हणजे काय?’ आणि खाली चार अर्थ, हा कमजोर प्रश्न. ‘यांपैकी तडजोड कुठे झाली?’ असं विचारून चार छोटे प्रसंग द्या: दादाला क्रिकेट हवं, ताईला गाणी, म्हणून अर्धा तास हे, अर्धा तास ते; दादाने रिमोट हिसकावला; ताई रुसून निघून गेली; आईने टीव्हीच बंद केला. आता मुलाला विचार करावा लागतो. आणखी चांगलं म्हणजे असे प्रश्न मुलांच्या गटांनाच काढायला लावायचे. चुकीचे पण फसवे पर्याय शोधताना त्या शब्दावर जेवढी चर्चा होते, तेवढी खेळताना होत नाही.

वर्डवॉलमध्ये मराठी शब्द टाकले की अक्षरं फुटतात. काय करावं?

हा तुमचा दोष नाही. संगणक देवनागरीत व्यंजन, मात्रा आणि हलन्ताचं चिन्ह वेगवेगळं साठवतो. ‘विद्यार्थी’ हा आपल्यासाठी तीन अक्षरांचा शब्द, वि-द्या-र्थी. संगणकाच्या लेखी त्यात दहा चिन्हं आहेत. इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून केलेले अक्षरं जुळवा, फाशीचा खेळ, शब्दशोध असे प्रकार ती दहाही चिन्हं सुटी करतात आणि पडद्यावर एकटी वेलांटी लटकत राहते.

म्हणून मराठीसाठी असेच खेळ निवडा ज्यांत पूर्ण शब्द एकसंध राहतो: जोड्या लावा, प्रश्नमंजुषा, कार्डं, गटांत वर्गीकरण, आणि वाक्यातले विस्कटलेले शब्द जुळवणे. शेवटचा प्रकार मराठीला फार मानवतो, कारण शब्दांचा क्रम थोडा बदलला तरी वाक्य टिकतं, पण जोर बदलतो. ‘मी काल आलो’ आणि ‘काल आलो मी’ यांत काय वेगळं वाटतं, यावर पाच मिनिटं सहज जातात.

शब्दकोडं करायचं असेल तर सरळ कागदावर करा. वर्तमानपत्रातल्या मराठी कोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं, मात्रा आणि जोडाक्षरासकट. चौकटीच्या वहीत मुलं ते उत्तम करतात.

एक तांत्रिक गोष्ट. जुन्या फाइलीतला मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर तो या साधनांत चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करा. फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक पुरतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलूनही लिहिता येतं, फक्त ऱ्हस्व-दीर्घ नंतर तपासा.

आमच्या शाळेत मुलांकडे फोन नाहीत. एकच प्रोजेक्टर आहे, तोही कधी चालतो कधी नाही.

पुण्यातल्या बऱ्याच शाळांत असंच आहे, आणि त्यामुळे काही अडत नाही. प्लिकर्स या साधनात प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड देतात. कार्ड कुठली बाजू वर करून धरलं त्यावर उत्तर ठरतं. शिक्षक आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवली तर वर्षभर टिकतात. वेग्राउंडमध्येही अशीच कागदी सोय आहे. एक शिक्षक, एक फोन, पन्नास मुलं, एवढ्यात काम होतं.

गुणफलक दिसला की हुशार मुलं उड्या मारतात आणि बाकीची गप्प बसतात.

अशा खेळांत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, आणि शब्द शिकण्याचा वेगाशी संबंध नाही. वेळ मोजणं बंद करता येत असेल तर करा, नाहीतर वेळ भरपूर वाढवा. गट करून खेळवा आणि नियम ठेवा की बटण दाबायच्या आधी गटाने आपसात बोलायचं. मी अंतिम गुणफलक दाखवत नाही. त्याऐवजी ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त मुलं अडली तो पुन्हा उघडते आणि विचारते, इथे आपण का फसलो? गप्प बसणारी मुलं इथे बोलतात, कारण अडलेले पुष्कळ असतात.

मुलांना मराठी शब्दकोश बघायला शिकवायचं तर ऑनलाइन काय आहे?

भरपूर आहे आणि बहुतेक फुकट. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून पुण्यातून प्रसिद्ध होऊ लागला. फलटणला शाळा उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश नवशिक्यांसाठी सोपा आहे. हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बृहद्कोश या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकाच ठिकाणी धुंडाळता येतात. एखाद्या विषयाची माहितीच हवी असेल तर मराठी विश्वकोश आहे.

माझा नेहमीचा उपक्रम असा: तीन गट, तीन कोश, एक शब्द. ‘बेत’, ‘घाट’, ‘वार’, ‘सूर’ असे अनेक अर्थांचे शब्द द्यायचे. एका कोशात चार अर्थ, दुसऱ्यात नऊ. कुठला अर्थ आज वापरात आहे, कुठला आजीलाच माहीत असेल, हे ठरवताना मुलं कोशाची नोंद वाचायला शिकतात: लिंग, संक्षेप, म्हणी, सगळं. मोल्सवर्थ इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जवळचा वाटतो, कारण अर्थ इंग्रजीत आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी वाचताना त्यांचे इंग्रजी शब्दही वाढतात.

डेक्कन कॉलेजचा कोश आणि शाळेचा वर्ग, यांचा काय संबंध?

पालकसभेत मी याबद्दल बोलले तेव्हापासून हा प्रश्न येतो. येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, कुठला शब्द कुठल्या ग्रंथात कुठल्या अर्थाने आला ते एकेका चिठ्ठीवर उतरवलं गेलं. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. काम अजून चालू आहे. आपल्याच शहरात माणसं पिढ्यान्‌पिढ्या शब्द गोळा करत बसली आहेत, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वर्गात आम्ही तीच पद्धत घेतो. पोस्टकार्डाएवढे कागद कापायचे. आठवड्याचे सहा शब्द फळ्यावर. वाचताना, बातमी ऐकताना, बसमध्ये, घरी कुणाच्या बोलण्यात त्यांतला एखादा शब्द भेटला की चिठ्ठी लिहायची: शब्द, पूर्ण वाक्य, कुठे भेटला, तारीख, आणि इथे अर्थ काय. चिठ्ठी वर्गातल्या खोक्यात टाकायची. स्वतः वाक्य बनवायचं नाही, भेटलेलंच हवं. हा नियम कडक ठेवा, कारण त्यामुळेच मुलांचे कान उघडतात. ‘दुर्लक्ष’ शब्दाच्या चिठ्ठ्या रस्त्यांच्या खड्ड्यांवरच्या बातमीतून येतात, डॉक्टरांच्या बोलण्यातून येतात, आजोबांच्या तक्रारीतून येतात.

महिन्याच्या शेवटी एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या एकत्र लावायच्या, अर्थानुसार गठ्ठे करायचे आणि त्यावरून वर्गाने स्वतःची कोशनोंद लिहायची. ती गूगल डॉक्समध्ये टाइप केली की पुढच्या वर्षीच्या वर्गाला मिळते आणि तो वर्ग तिच्यात भर घालतो. मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात मोलाचा उपक्रम हाच आहे, आणि त्याला लागतात कागद, कात्री आणि एक रिकामं खोकं.

शहरात फिरून शब्द गोळा करता येतात का? सहल काढायची तर कुठे?

कसबा पेठेतली तांबट आळी आधी. तांब्यावर ठोके देऊन चकाकी आणि घट्टपणा आणायच्या कामाला मठारणं म्हणतात; तो आवाज ऐकत ऐकत मुलं तो शब्द शिकतात. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तपेलं, तांब्या. यांतली किती भांडी घरी आहेत, किती आजोळी पाहिली, याची यादी परत आल्यावर करायची. बुरूड आळीत बांबूच्या वस्तू: सूप, रोवळी, दुरडी, परडी, टोपली. ‘टोपली’ सगळ्यांना येतं. दुरडी आणि परडीत फरक काय हे विणणाऱ्यालाच विचारावं लागतं. विचारताना मुलं नीट वाक्यं बोलायला शिकतात, ‘काका, हे कशासाठी वापरतात?’ इथपासून.

महात्मा फुले मंडईत मोजण्याचे शब्द मिळतात: मेथीची जुडी, मिरचीचा वाटा, केळ्यांची फणी, लिंबांचा शेकडा. बाहेर फुलवाल्यांकडे गजरा, वेणी, हार, तोरण. सकाळी लवकर जावं. गर्दीच्या वेळी विक्रेत्यांना चाळीस मुलांना उत्तरं द्यायला सवड नसते, आणि त्यांचा धंदा अडवायचा आपल्याला हक्क नाही. पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटाला चार प्रश्न, आणि शक्य असेल तर गटाने काहीतरी विकत घ्यावं.

फोटो काढले असतील तर पॅडलेट या ऑनलाइन फलकावर टाकून प्रत्येकाखाली शब्द आणि एक वाक्य लिहायचं. वस्तूंचे फोटो घ्यावेत. माणसांचे विचारल्याशिवाय नकोत.

पाट्यांचा उपक्रमही मुलांना आवडतो. पुण्यातल्या पाट्या थोडक्यात नेमकं सांगतात. आठवड्याचे दोन शब्द वापरून वर्गासाठी एक पाटी लिहायची, जास्तीत जास्त पंधरा शब्दांत. “खिडकीकडे दुर्लक्ष केल्यास पावसाचा नाइलाज होतो” अशी एक पाटी सहावीच्या वर्गात लागली, आणि खिडकी खरंच बंद होऊ लागली.

काही साधन नसताना, दहा मिनिटं उरली असताना काय खेळायचं?

‘तो शब्द सोडून’: एका मुलाला शब्द दाखवायचा आणि खाली तीन बंदी घातलेले शब्द. ‘अफवा’ समजावायचं, पण ‘खोटी’, ‘बातमी’, ‘पसरणे’ म्हणायचं नाही. दमशेराज नामांऐवजी भावनांच्या शब्दांवर खेळायचा: खंत, कुतूहल, संकोच, अभिमान. भेंड्या गाण्यांऐवजी शब्दांच्या, पण प्रत्येक शब्दाबरोबर वाक्य हवं.

उपसर्गांचा खेळ मराठीत रंगतो. ‘हार’ला पुढे काय काय लागतं? आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. फळ्यावर झाड काढत जायचं. पुढच्या आठवड्यात ‘कार’: आकार, प्रकार, विकार, उपकार, अपकार, संस्कार. एकदा ही किल्ली सापडली की मुलं अनोळखी शब्दाला घाबरत नाहीत.

शुक्रवारी येतं, पुढच्या शुक्रवारी विसरलेलं असतं.

विसरणं नैसर्गिक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने जातं आणि मग वेग मंदावतो. उपाय म्हणजे विसरायच्या बेताला असताना पुन्हा आठवायला लावणं. आठवायला लावणं म्हणजे पुन्हा वाचायला देणं नव्हे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांच्या २००८ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वाहिली शब्द शिकले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांना तो पुन्हा पुन्हा आठवायला लावला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी फक्त पुन्हा वाचले त्यांना साधारण ३६ टक्के.

अँकी याच तत्त्वावर चालतं. हातांनी करायचं असेल तर सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली पेट्यांची पद्धत आहे. मिठाईचे पाच रिकामे बॉक्स घ्या. सगळी कार्डं पहिल्यात. रोज पहिल्या बॉक्समधली विचारायची. शब्द आला तर कार्ड दुसऱ्यात, जो एक दिवसाआड उघडतो. मग तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. चुकलं की कार्ड थेट पहिल्या बॉक्समध्ये परत. कार्डाच्या मागे अर्थाऐवजी गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा.

इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अर्ध्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. त्यांचं काय?

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे हिंजवडी-बाणेर-खराडीकडच्या वर्गांत हिंदी, गुजराती, तमीळ, बंगाली बोलणारी मुलं एकत्र मराठी शिकतात. त्यांच्या भाषा मध्ये आणायला घाबरू नका. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. असे शब्द हिंदी बोलणारी मुलं स्वतः शोधून आणतात आणि त्यांना वर्गात मानाची जागा मिळते. भिंतीवर एक तक्ता: मराठी शब्द, शेजारी माझ्या घरी काय म्हणतात. या मुलांना मात्र पहिल्या थरातले शब्दही शिकवावे लागतात. त्यासाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या प्रथम बुक्सच्या सचित्र मराठी गोष्टी चांगल्या. त्या फुकट आहेत आणि वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत.

मूल गावाकडचे शब्द वापरतं. सुधारावं का?

‘चूक’ म्हणू नका. सोलापूरकडून आलेलं मूल ‘कोरड्यास’ म्हणतं, कुणी ‘कालवण’, कुणी ‘रस्सा’. तिन्ही शब्द तक्त्यावर, प्रत्येकाखाली प्रदेश. परीक्षेच्या उत्तरात कुठला वापरायचा हे वेगळं शिकवता येतं. ज्या मुलाच्या घरच्या शब्दाला वर्ग हसतो, ते मूल नवे शब्दही तोंडातून काढत नाही. या बाबतीत मी फार ठाम आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजी शब्द वाढवायला हेच चालेल?

हो. फक्त उच्चार ऐकवणं अगत्याचं, म्हणून ध्वनी असलेला ऑनलाइन कोश वापरा. धातूंचं झाड इथेही चालतं: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल, सगळ्यांत नेण्याचा अर्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा फ्रीराइस हा खेळ आठवीच्या मुलांना भावतो. शब्दाचं उत्तर बरोबर आलं की भुकेल्यांसाठी तांदळाची मदत जमा होते.

एआयकडून वाक्यं आणि प्रश्न काढून घ्यावेत का?

शिक्षकाने कच्चा माल म्हणून घ्यावेत. पण प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून तपासा. लिंग चुकतं, हिंदी वळणाची वाक्यं येतात, आणि मुलं ती जशीच्या तशी उचलतात. सातवी-आठवीला हेच काम द्या: ‘यातलं कुठलं वाक्य मराठी माणूस बोलणार नाही आणि का?’

मुलांची खाती उघडावीत का?

शक्यतो नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पिन टाकून टोपणनावाने खेळता येईल अशीच साधनं निवडा. टोपणनाव आठवड्याच्या शब्दांतूनच घ्यायला सांगा.

शब्द आले की नाही, हे मोजायचं कसं?

समानार्थी-विरुद्धार्थीची चाचणी घ्या, शाळेला ती लागतेच. शिवाय प्रत्येक मुलाने शब्दापुढे स्वतः खूण करावी: ऐकला नाही, ऐकलाय, अर्थ सांगता येतो, मी वापरतो. आठवड्याच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. ‘मी वापरतो’वर खूण असेल तर मी विचारते, कुठे वापरला ते सांग. निबंधात मागच्या महिन्यातला शब्द योग्य जागी आला तर समासात लहानशी चांदणी काढते. गुण देत नाही.

घरी पालकांनी काय करावं? आम्हाला संध्याकाळी अर्धा तासही मिळत नाही.

अर्ध्या तासाची गरज नाही. आठवड्याचे सहा शब्द फ्रिजवर लावा आणि तुम्ही स्वतः ते बोलण्यात वापरा. “आज ऑफिसमध्ये माझा अगदी नाइलाज झाला,” आणि मग काय झालं ते सांगा. मुलाची परीक्षा घेऊ नका, ‘याचा अर्थ काय सांग’ असं दर जेवणाला विचारू नका. आजी-आजोबा असतील तर मुलाला त्यांच्याकडून रोज एक असा शब्द आणायला सांगा जो आई-बाबा वापरत नाहीत.

वाचायला काय द्यावं असं विचारलंत तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आई किंवा बाबा सहावीत होते त्या वर्षीचा दिवाळी अंक शोधून काढा आणि त्यातली एक गोष्ट झोपण्याआधी मोठ्याने वाचा. मधे अडलेल्या शब्दासाठी थांबू नका. गोष्ट संपल्यावर मूल स्वतःच विचारतं.